टिकणारा टिकी बार: सोलापूरच्या परसात, पंधरा हजारांच्या आत

टिकी बार म्हटलं की समुद्र, नारळीची झाडं, वाळू डोळ्यांपुढे येते. सोलापुरात यातलं काहीच नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. कारण टिकी बार मुळात बेटांवरचा नव्हेच. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात, हॉलिवुडमध्ये 'डॉन द बीचकोंबर' या बारने ही टूम काढली, मग ओकलंडचा 'ट्रेडर विक' आला. बांबू, गवती छप्पर, मंद उजेड, रम आणि फळांचे रस, एवढ्यावर त्यांनी दक्षिण समुद्राचा देखावा उभा केला. यातलं बांबू आणि गवती छप्पर तर आपल्याकडे ऊसतोड मजुराच्या कोपीत रोजचं आहे.

म्हणून नारळाच्या झावळ्या कोकणातून मागवू नका. भाड्यातच निम्मं बजेट जाईल. आपल्याकडे उसाचं पाचट आहे, बुरुडाकडे बांबूच्या विणलेल्या तट्ट्या आहेत, शेजारच्या कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी आहे. सोलापुरात या बांधकामाचे वैरी चार: काळी माती, वाळवी, मे महिन्यातला वळवाचा वारा आणि आग. पाऊस पाचवा, तोही लांबचा. म्हणून पैसे पायात आणि डोक्यावर घालायचे, मधलं सगळं भंगारातून आणायचं.

माप आणि जागा

छपराखाली ८ फूट लांब आणि ६ फूट रुंद जागा धरली आहे. यात एक माणूस आत उभा राहतो आणि बाहेर चार स्टुलं लागतात. याहून मोठं केलं तर आढ्याला, म्हणजे छपराच्या माथ्यावर आडवा जातो त्याला, जाड बांबू लागतो आणि खर्च एकदम चढतो.

८ फुटांची बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, काउंटर पूर्वेला, पाठ पश्चिमेला. संध्याकाळी पाहुणे पूर्वेच्या बाजूला बसतात तेव्हा उतरतं ऊन पाठीमागच्या तट्टीवर अडतं. उलट केलंत तर एप्रिलमध्ये साडेसहापर्यंत स्टुलावर कुणी टेकणार नाही. वरून विजेची तार जात असेल किंवा शेजारच्यांची चूल, गिझरचं धुराडं जवळ असेल, तर ती जागा सोडा. घर भाड्याचं असेल तर खड्डे खणण्याआधी मालकांना विचारा.

काम दिवाळीनंतर काढा. कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं असतं, त्यामुळे पाचट ताजं, लांब आणि जवळपास फुकट मिळतं. पावसाळा संपल्यावर तोडलेल्या बांबूत साखर-स्टार्च कमी असतो, म्हणून त्याला भुंगाही कमी लागतो. दिवाळीला हात घातला तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आरामात उभं राहतं.

काय काय लागेल

बांबू १६, साधारण १८ फुटी. त्यातले चार निवडून जाड घ्या, बुडाशी साडेतीन ते चार इंच. या चौघांच्या बुडाचे साडेसात फूट म्हणजे चार खांब, आणि उरलेल्या दहा-दहा फुटांतून दोन तुळया आणि एक आढं निघतं. वाशांना चार बांबू (६ फुटाचे १२ तुकडे), कामट्यांना (चिरलेल्या पट्ट्यांना) चार, आडव्या-तिरप्या आधारांना तीन. सोळावा चुकीसाठी. चूक होतेच.

सिमेंट दोन पोती, वाळू चार घनफूट, खडी आठ घनफूट, थोडा मुरूम. १२ मिमी सळईचे साडेचार फुटी चार तुकडे. ते नवीन घ्यायची गरज नाही, कुठल्याही बांधकामावर उरलेले मिळतात. १० मिमीचे लांब बोल्ट आणि मोठे वॉशर दोन डझन, १४ गेजची जस्ती तार दोन किलो, काथ्या तीन-चार किलो, सुतळी. तीन लाकडी पॅलेट. शहाबादी फरशीचे २ फूट × दीड फुटाचे चार तुकडे. जुने फ्लेक्स. छोट्या टेंपोभर पाचट.

पॅलेट आणि फ्लेक्स भंगारभावाने मिळाले आणि मजुरी घरची असेल, तर सगळं बारा ते पंधरा हजारांत बसतं. बांबूचा भाव जाडीप्रमाणे बराच हलतो, म्हणून आधी तो विचारा.

बांबू मुरवणं

हा टप्पा लोक गाळतात. मग वर्षभरात खांबाखाली पिवळसर भुकटी पडायला लागते. ती भुंग्याची करामत. बांबूतल्या स्टार्चवर तो जगतो, बाहेरून वॉर्निश मारून त्याला काही होत नाही.

किमान चार खांब तरी मुरवा. आधी १२ मिमीची टोकदार सळई आत घालून सगळ्या गाठी फोडून घ्या, म्हणजे पाणी आतल्या बाजूने लागतं. बांबूची बाहेरची साल मेणचट असते, तिच्यातून काहीही शिरत नाही. मग दहा फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल चर खणून त्यात ताडपत्री अंथरा. २०० लिटर पाण्यात ६ किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि ४ किलो बोरिक पावडर विरघळवा. थोडं पाणी गरम करून त्यात आधी कालवलं तर तळाशी खडे राहत नाहीत. बांबू बुडवा आणि वर दगड ठेवा, नाहीतर तरंगतात. आठ-दहा दिवसांनी काढून सावलीत उभे करून दोन आठवडे वाळवा. उन्हात टाकलेत तर तडकतील.

हातमोजे घाला, मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा. उरलेलं पाणी झाडांना घालू नका, विहिरीजवळही ओतू नका. बोरॉन जास्त झालं की झाडं जळतात. वासे, कामट्यांना हेच पाणी दोन-तीन हात ब्रशने, कापलेल्या तोंडांवर जरा सढळ.

जळकं ऑईल फासायचा सल्ला प्रत्येक कॉलनीत एकजण देतोच. वाळवीला ते थोडंफार आवरतं हे खरं, पण वास महिनोन्‌महिने जात नाही, पाहुण्यांचे पांढरे शर्ट काळे होतात, आणि पाचटाखाली तेल माखलेला बांबू म्हणजे काकडाच.

पाया: बांबू मातीत पुरायचा नाही

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात सरळ पुरलेला खांब दोन हंगामांत कलतो, आणि जमिनीलगत जिथे ओल आणि हवा दोन्ही असते तिथेच कुजतो. वाळवी तर वाट बघतच असते.

चार कोपऱ्यांवर एक फूट × एक फूट, अडीच फूट खोल खड्डे घ्या. खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ८ आणि ६ फूट अंतर. दोन्ही कर्ण मोजा: प्रत्येकी १० फूट आले की चौकोन काटकोनात. तळाला सहा इंच मुरूम पाणी मारून ठोका. वर दोन फूट काँक्रीट, एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. सळईचं खालचं टोक सहा इंच वाकवून मध्यभागी उभी धरा आणि वर दीड फूट मोकळी ठेवा. रंगाच्या रिकाम्या डब्याचा तळ कापून तो साच्यासारखा बसवला की काँक्रीट जमिनीवर तीन इंच आणता येतं. ते तीन इंच महत्त्वाचे. वाळवी वर चढायला मातीची नळी बांधते, आणि उघड्या सिमेंटवर ती नळी लगेच दिसते. झाडूने पाडली की काम झालं. सात दिवस पाणी मारा.

मग खांब सळईवर चढवायचा. त्याआधी बुडापासून एक फुटावर खांबात आरपार भोक पाडून १० मिमीचा बोल्ट घाला, सळईला खेटून जाईल असा. बुडापासून दीड फुटावर बाजूला दीड इंचाचं भोक. खांब ओळंब्यात धरा, खालची फट ओल्या मातीने लिंपा, आणि त्या भोकातून एकास तीन सिमेंट-वाळूचा पातळ माल भोकातून बाहेर येईपर्यंत ओता. नुसत्या मालावर विसंबू नका. बांबूची आतली बाजू गुळगुळीत असते आणि माल वाळून आक्रसला की अख्खा खांब म्यानातून तलवार निघावी तसा वर येतो. आतला बोल्ट मालात रुतलेला असला की तसं होत नाही. वळवाच्या वाऱ्यात छप्पर उचलतं तेव्हा सगळा भार याच बोल्टवर असतो.

सांगाडा

बांबूला खिळा ठोकायचा नाही, तो उभा चिरतो. ड्रिलने भोक, मग बोल्ट, दोन्हीकडे मोठा वॉशर, आणि नट हाताने घट्ट होऊन वर अर्धा फेरा, बस. आणखी आवळला तर कांडं चेपतं. भोक नेहमी गाठीच्या दोन-तीन इंच आसपास.

खांबाच्या माथ्यावर अर्धचंद्राची खाच कापा, तिच्याखाली दोन-तीन इंचांत गाठ येईल अशी. त्या खाचेत दहा फुटी तुळई बसते, दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर. तुळयांवर सात फुटी तीन आडवे, प्रत्येकाच्या मध्यावर तीन फुटी उभा तुकडा, आणि त्या तिघांवर आढं. आडवं तीन फूट, उंची तीन फूट, म्हणजे पाख्याचा उतार ४५ अंश. पाचटाला एवढा उतार हवाच. तीस अंशांवर आणलंत तर पाणी काडीवरून ओघळण्याऐवजी आत झिरपतं आणि छप्पर कुबट होतं.

वासे दोन-दोन फुटांवर, प्रत्येक पाख्याला सहा. वासा तुळईच्या एक फूट पुढे जातो, त्यामुळे वळचण जमिनीपासून साडेसहा फुटांवर येते. उंच माणूसही वाकल्याशिवाय आत जातो. वाशांवर नऊ इंचांवर कामट्या, सालीची बाजू वर. प्रत्येक सांधा आधी जस्ती तारेने, मग वरून काथ्याने. काथ्या तासभर भिजत घाला, मऊ झाला की फेरे चिकटून बसतात. तो शोभेला, धरून ठेवणारी तार आतली.

आता तिरपे आधार. खांब सळईवर उभा आहे, म्हणजे तो बिजागरीसारखा हलतो. चारही कोपऱ्यांत खांबापासून तुळईला आणि खांबापासून आडव्याला तीन-तीन फुटांचे तिरपे हात बसवले नाहीत, तर छप्पर चढल्यावर सगळा मांडव एका बाजूला झुकतो. एकूण आठ हात. ते बसल्यावर खांब धरून जोरात हलवून बघा. तुमचा हात हलेल, मांडव नाही.

छप्पर

कामट्यांवर आधी फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, अभिनंदनाचे जुने फ्लेक्स डिजिटल प्रिंटिंगवाल्यांकडे आणि भंगारात किलोवर मिळतात. छापलेली बाजू वर, कोरी बाजू खाली, म्हणजे साहेब पाचटाखाली झाकले जातात आणि खाली बसलेल्याला नुसता पांढरा पडदा दिसतो. आढ्यावरून एकच तुकडा दोन्हीकडे सोडा, आढ्यावर जोड नको. वळचणीला फ्लेक्स पाचटापेक्षा दोन इंच आखूड कापा, नाहीतर खालून फडफडतो आणि वाऱ्याला धरायला कोपरा मिळतो.

पाचट झटकून, कुजकी पानं काढून, मनगटाएवढ्या पेंढ्या बांधा. सुरुवात वळचणीपासून, मग वर वर. प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर निम्म्याहून जास्त चढली पाहिजे. जाडी दाबून चार इंच. प्रत्येक ओळीवर एक कामटी आडवी दाबून दर फुटाला खालच्या कामटीशी सुतळीने शिवा. एकजण वर, एकजण खाली. खालचा लांब सुईने सुतळी परत वर देतो, फ्लेक्सला भोकं पडतात ती वरच्या ओळीखाली झाकली जातात. आढ्यावर पाचट दोन्हीकडे वाकवून टाका आणि वरून जुन्या पत्र्याची एक फुटी पट्टी तारेने बांधा. गळतं ते बहुतेक आढ्यावरच. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण आढ्याचं वळचणीला जायच्या आधी तुमच्या डोक्यावर येतं.

सगळ्यावर मासेमारीचं जुनं जाळं. उजनीकाठच्या मच्छीमारांकडे फाटलेली, टाकाऊ जाळी असतात. छपरावर ताणून चारही बाजूंनी वाशांना बांधलं की पाचट उडत नाही, आणि टिकी बारला जाळं तसंही शोभतंच.

काउंटर

काउंटर खांबांना जोडायचा नाही, हे आधी पक्कं करा. पावसाळ्यात जमीन फुगते तेव्हा चार खांब चार तऱ्हांनी किंचित हलतात. काथ्या-तारेचे सांधे ते सोसतात, पण काउंटर जोडलेला असेल तर फरशी तिरपी होते आणि पेले आपोआप कडेकडे सरकायला लागतात. स्वतंत्र असला की खाली फरशीची चकती सारून पाच मिनिटांत लेव्हल करता येतो.

पॅलेट अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे बघा. १२०० × १००० मिमीचे हवेत. लाकडावरचा शिक्का वाचा: 'एचटी' म्हणजे उष्णतेने शेकलेलं, ते घ्या. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, सोडून द्या. केमिकलचे डाग किंवा वास असेल तरीही नको.

दोन पॅलेट आडवे उभे करा, म्हणजे १००० मिमीची बाजू उभी. ती उंची साडेएकोणचाळीस इंच. खाली विटेची ओळ नको, नुसत्या एक-सव्वा इंच जाडीच्या फरशीच्या चकत्या ठेवा, वर एक इंचाची फरशी, की काउंटर साधारण ४२ इंचांवर येतो. स्टुलाला ही उंची बरोबर. स्टूल २८ ते ३० इंचांचं. दोन्ही पॅलेट शेजारी बोल्टने जोडले की लांबी जवळपास आठ फूट. पॅलेट एकटा साडेपाच इंचच जाड असतो, त्यावर फरशी टाकली तर सगळंच तोंडावर पडेल. तिसरा पॅलेट मोडून त्याच्या फळ्यांचे तीन उभे पाय करा, पुढच्या पॅलेटच्या बाहेरच्या कडेपासून एक फूट मागे. मध्ये दोन कप्पे. कप्प्यांमुळेच पाय बांधले जातात.

वर फरशी. एक इंच जाडीची शहाबादी दर चौरस फुटाला सहा किलोच्या घरात भरते, म्हणजे बारा चौरस फुटांचं ओझं सत्तर-बहात्तर किलो, ते काउंटरला जाग्यावर धरून ठेवतं. पुढे सहा इंच बाहेर येऊ द्या, जास्त नको. कोपर टेकून कुणी रेलला की फरशी तिथूनच तुटते. लाकूड आणि फरशीमध्ये जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या घाला, खडखड बंद होते आणि तुकडे सरकत नाहीत. दुकानातच कडा घासून गोल करून घ्या.

एक भानगड आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड. लिंबू, कोकम, सोडा सांडला की दगडाची चकाकी खाऊन पांढुरका डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. लिंबू नेहमी लाकडी पाटावर कापा, आणि पेले भरायच्या जागी सोलापुरी टॉवेल अंथरा. परदेशात बारवर घालायच्या टेरी पट्ट्या लोक विकत घेतात, आपल्या शहरात तेच कापड मागावरून निघतं.

काउंटरची पुढची बाजू बुरुडाकडच्या तट्टीने झाका, पाठीमागे पश्चिमेलाही एक. जमिनीपासून आठ इंचांवर पाय टेकायला एक आडवा बांबू, पॅलेटला बोल्टने.

उजेड, पाणी, शोभा

मशाली नाहीत. कंदील, मेणबत्त्या, शेगडी, काहीही पेटतं छपराखाली नको. मे महिन्यात पाचट इतकं वाळतं की एक ठिणगी पुरते, आणि फ्लेक्स वितळून पेटता थेंब थेंब खाली येतो. दिवाळीत रॉकेट उडतात त्या चार दिवसांत छपरावर दोन वेळा पाणी मारा. वाळूची बादली कायम काउंटरखाली. सिगारेट ओढणाऱ्यांची खुर्ची दहा फुटांवर लांब.

दिव्यांना एलईडीच्या पिवळ्या माळा, शक्यतो सौर किंवा १२ व्होल्टच्या. बुरुडाची टोपली उलटी टांगून आत बल्ब सोडला की भिंतीवर जाळीची सावली पडते. या मांडवातली सगळ्यात देखणी आणि स्वस्त गोष्ट तीच. २३० व्होल्टची वायर ओढायचीच असेल तर घरातून ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावून, पाइपातून, आणि काम इलेक्ट्रिशियनकडून.

नळाला रोज पाणी येत नाही हे धरूनच चला. तोटीचा वीस लिटरचा जार काउंटरच्या टोकाला, खाली बादली. बर्फाला मासळीचा थर्माकोलचा नवा डबा, तळाला भोक पाडून नळी काढलेली.

टिकी मूर्तींबद्दल एक. माओरी आणि मार्केसास बेटांवरच्या लोकांत टिकी ही आदिपुरुषाची, पूर्वजांची कोरलेली प्रतिमा. आपल्या खंडोबाचा टाक कुणी बारच्या काउंटरवर शोभेला ठेवला तर आपल्याला चालेल का? मग तो मुखवट्यांचा सोस सोडा. सूप, जाळं, भोपळ्याचे वाळवलेले तुंबे पुरेत.

पेल्यात काय

टिकीच्या पेयांतलं लाल ग्रेनेडीन म्हणजे मुळात डाळिंबाचा पाक, आणि डाळिंबासाठी सोलापूरबाहेर बघायची गरज नाही. अर्धा लिटर रस, अर्धा किलो साखर, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत. उकळी फुटू द्यायची नाही, रंग काळवंडतो. शेवटी अर्धं लिंबू. फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो. पाक ३० मिली, लिंबाचा रस २० मिली, थंड सोडा दीडशे मिली, कुटलेला बर्फ गळ्यापर्यंत, वर पुदिना. बर्फ स्वच्छ पंच्यात गुंडाळून बत्त्याने कुटा, पाणी पंचा पितो आणि बर्फ कोरडा राहतो. ट्रेडर विकच्या १९४४च्या 'माय ताई' या पेयात रमबरोबर बदामाचा पाक असतो. रमशिवाय करायचं तर घरचं बदाम सरबत, लिंबू आणि संत्र्याचा रस एकत्र चांगला लागतो.

दारू ठेवायची असेल तर महाराष्ट्रात बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, वयाची अट बियर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. घरी पाहुण्यांकडून पैसे घेतले की ती विक्री झाली, त्याला वेगळा परवाना.

पहिल्या वर्षानंतर

रोहिणी लागण्याआधी सगळे नट एकदा फिरवा. बांबू वाळून आक्रसतो, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात सगळे ढिले होतात. तारा पिळून घ्या, जाळं परत ताणा. पायांवर वाळवीच्या नळ्या बघा. चकत्यांखाली हात घालायच्या आधी काठी फिरवा, फरशीखाली विंचू बसतात. चिमण्यांनी वळचणीला घरटं केलं असेल तर पिल्लं उडेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावू नका.

दोन-तीन पावसाळ्यांनी पाचट काळं पडून चुरायला लागतं. गाळप सुरू झालं की ते उतरवून खताच्या खड्ड्यात टाका, फाटलेले फ्लेक्स बदला, आणि नवीन पेंढ्या वळचणीपासून परत शिवायला घ्या. सांगाडा तोच राहतो, दोन माणसांना दोन दिवस लागतात.